एकतीस नंबरचं पान

"सर, एकतीस नंबरच्या पानावरची कविता माझी नाही," इंदूताई फोनवर म्हणाल्या. तेव्हा त्यांच्या कवितासंग्रहाच्या प्लेटा छपाईच्या मशीनवर चढत होत्या.

गोंदियातल्या एका लहान प्रकाशनात मी पुस्तकांची पानं लावतो. वय सत्तेचाळीस, आणि एम.ए. मराठीचा विद्यार्थी. कविता करतो. दिवसभर दुसऱ्यांची पुस्तकं, घरी अभ्यास. माझ्या संग्रहाला वेळ मिळतो तो ऑफिसातून चोरलेलाच.

इंदूताई केशोरीला अंगणवाडी सेविका. हा त्यांचा पहिला संग्रह. त्यात एक पान रिकामं होतं. फॉन्ट कसा दिसतो ते बघायला अशा पानावर आम्ही कुठलाही मजकूर टाकतो, त्याला डमी म्हणतात. मी माझी आईवरची कविता टाकली. खरं म्हणजे फॉन्ट बघायचा नव्हताच. माझी कविता पुस्तकात कशी दिसेल, ते बघायचं होतं. मग ती काढायची राहिली, आणि प्रूफ तसंच व्हॉट्सॲपवर गेलं.

"ताई, प्रूफ तर तुम्ही ओके केलं होतं."

"केलं होतं. घरच्यायनं मोबाईलवर वाचलं. लग्नापासून माझी एक ओळ वाचली नव्हती या माणसानं. नेमकं तेच पान वाचून डोळे पुसले. म्हणे, तू असं लिवतेस? मग मी काऊन सांगू?"

"आणि आता?"

"आता गावच्या जत्रेत, मंडईत, पुस्तक निघून राहिलं. हे स्टेजवर तेच वाच म्हणून राहिले. दुसऱ्याची कविता आपली म्हणून कशी वाचू? कोणाची हाय थे?"

"माझी."

"तुमाले आपली वही नाही का, सर?"

कबूल करतो, कोणीतरी डोळे पुसले हे ऐकून मला आधी बरं वाटलं होतं. लाज मागून आली.

"काढा थे पान," त्या म्हणाल्या. "आन् घरी मी नाही सांगत. तुमीच या."

मी मालकांकडे, शेठजींकडे गेलो. एका प्लेटवर आठ पानं असतात. एक बदललं की पूर्ण प्लेट नवी करावी लागते.

"एक पोएम के लिए मशीन रोकूँ? अच्छी है ना? रहने दो."

"त्यांची नाही, शेठजी. माझी आहे."

शेठजींनी चष्मा काढला. "ऑफिस में यही चलता है? रोक मशीन. और परीक्षा की छुट्टी भूल जा."

दुसऱ्या दिवशी केशोरीची एसटी धरली. काय बोलायचं ते मनात जुळवत होतो, मोडत होतो. नवेगावबांधला उतरून परत फिरावं, असंही वाटून गेलं. शेजारचा म्हातारा म्हणाला, "बसा ना भाऊ नीट, सीट का तापली हाय?"

इंदूताईंचे यजमान अंगणात विळे घासत होते. मी उभ्यानंच सांगून टाकलं. कविता माझी, चूकही माझी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बायकोकडे पाहिलं.

"मंग तुजी कोणती?"

ताईंनी मोबाईल काढला नाही. पाठच होती. रोवण्यावरची, भातलावणीच्या चिखलात वाकलेल्या बायांची. विळा दगडावर फिरत राहिला, मग थांबला. डोळे काही पुसले नाहीत त्यांनी.

"खरं हाय," ते म्हणाले. "पण रोवणा झाल्यावर रातभर कंबर दुखते, थे काऊन नाही लिवलं?"

"तुमाले कसं माहीत?"

"कण्हतेस तं झोपेत."

ताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सर, एकतीस नंबरचं पान रिकामंच हाय ना? मशीन उद्यापर्यंत थांबवा."

मशीन आणखी एक दिवस थांबलं. शेठजी काय बोलले ते लिहीत नाही. मंडईत ताईंनी एकतीस नंबरचंच पान, कंबरदुखीची नवी कविता, वाचलं म्हणे. मी नव्हतो, ड्युटी होती. परीक्षा या वर्षी राहिली. आईवरची कविता अजून माझ्या वहीत आहे.

डमी म्हणून आता मी पाढे टाकतो. चुकून छापले गेले, तरी ते वाचून कोणाचा नवरा रडायचा नाही.