शेवटची धार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. शालनला, म्हणजे माझ्या बायकोला, तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही समोर बसलेले नाही. तोंडाकडे बघून सांगायची वेळ आली असती, तर मी विषय भाताच्या लावणीवर नेला असता. मी तसाच आहे.

आमची एक म्हैस होती. म्हशीला पिळणारा हात ठरलेला लागतो – आमच्या म्हशीला माझा लागायचा. दुसरं कुणी कासेला बसलं की ती पान्हा चोरायची. चारा, पाणी, शेण, रेडकू, सगळं शालन बघायची. पिळायला मात्र मी. आणि खोटं कशाला बोलू, त्याची मला भारी ऐट होती.

मग उजव्या हाताचा अंगठा ऐकेना. आधी सदऱ्याचं बटण लागेना. मग मोबाईल हातातून सुटू लागला. पिळताना मूठ मध्येच सैल पडायची, आणि दंडातलं मांस आपोआप लवायचं, डोळा लवतो तसं. दुखत काहीच नव्हतं – दुखलं असतं तर बरं वाटलं असतं, नाही का? गोठ्यात बसूनच मोबाईलवर शोधलं. मोटर न्यूरॉन नावाचा आजार निघाला. हातापासून सुरू होऊ शकतो, मग पाय, मग घास गिळणं. साधी कारणंही तिथंच लिहिली होती, पण भित्र्या माणसाला वाईट तेवढंच दिसतं. अंगठ्याच्या बुडाशी खड्डा पडलाय का, हे मी दिवसभर चाचपत राहायचो.

आता मुद्द्याचं. कासेतली शेवटची धार निघाली नाही, की म्हैस आटत जाते. हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. माझी मूठ थकायची आणि मी कासेत दूध ठेवूनच उठायचो. दूध कमी होत गेलं. शालननं विचारलं, आणि मी – मी काय म्हणालो असेन? नाचता येईना अंगण वाकडं. म्हणालो, तू रेडकाला जास्त वेळ सोडतेस, सगळं दूध त्याच्या पोटात जातं.

"न्हाई वो, म्या लगीच बांधते त्याला," ती म्हणाली. मी ओरडलो. शेजारी ऐकतील असा ओरडलो. दुसऱ्या दिवसापासून ती रेडकाला नुसतं तोंड लावू द्यायची आणि ओढून बाजूला घ्यायची. ते ओरडत राहायचं, ती त्याच्या मानेवर हात ठेवून उभी राहायची. तरी दूध वाढलं नाही. शेवटी तीच खाली बघत म्हणाली, "चुकलं आसंल माझंच."

मी ते तिच्याच माथी राहू दिलं.

म्हैस आणि रेडकू मार्गासनीच्या एका शेतकऱ्याला विकलं. टेम्पो हलायच्या आत शालन घरात निघून गेली. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. आता रोज सकाळी माझा हात उघडा पडणार नव्हता.

पुढं मार्गासनीवाल्याचा फोन आला. मोबाईल धरवत नाही म्हणून मी तो स्पीकरवरच लावतो. "लई गुणाचं जनावर दिलंत, माझ्या हाताला सरावलं, दूध बी वाढलंय," तो म्हणाला. शालन भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "तिकडचं पानी मानवलं आसंल तिला." मी म्हणालो, व्हय. ओरडलो त्याच्यापेक्षा त्या 'व्हय'ची मला जास्त लाज वाटते.

नसरापूरच्या डॉक्टरांकडे मी एकटाच गेलो. अंगठ्याखालची बसलेली गादी बघून त्यांनी पुण्याला नसांची तपासणी करायला सांगितलं. कधीपासून होतंय, असं त्यांनी विचारलं, तर म्हणालो, हे आत्ता आत्ताच. घरी सांगितलं, मानेची शीर दबलीय.

उद्या तपासणी आहे. शालन सोबत येणारच म्हणते. डब्याला काय करू, हेही विचारून झालं. काय निघेल ते माहीत नाही. फार भीती वाटते. पण तिथला डॉक्टरही तेच विचारणार – कधीपासून? आणि या वेळी शालन शेजारच्या खुर्चीवर असेल.

मी खरं तेच सांगणार आहे. म्हैस विकली, त्याच्याही आधीपासून.