चार ॲम्प्लिफायर आणि एक 'आवं'

बायकोच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज कायमचा गेला. उभ्या संसारात तिनं मला नावानं हाक मारली नाही. 'आवं' एवढंच. तेवढ्यात ती चिडायची, लाडात यायची, बाजाराची पिशवीसुद्धा हातात द्यायची. आटपाडीची पोरगी, बोलताना घशात बारीकशी खर, खरखरच म्हणा. आता श्वास गळ्यातल्या नळीतून. कफ अडकला की नळी मीच काढून धुतो. मला बोलवायचं असलं की ती उलथनं ताटावर दोनदा वाजवते. तो आवाज मला ऐकवत नाही.

मोबाईल समोर धरला की ती गप्प व्हायची, त्यामुळं तिचा आवाज एका कॅसेटमध्येच राहिलाय. पूर्वी मी ॲम्प्लिफायर चालू ठेवून कॅसेटवर माईक तपासत बसलो होतो, तेव्हा ती स्वयंपाकघरातून ओरडली होती, "आवं, त्यो ठोकळा बंद करा की! हाका मारून जीव जायची वेळ आली माझा!" बस्स, तेवढंच.

माझा जपानी ॲम्प्लिफायर एरवी लख्ख वाजतो. त्यावर ती कॅसेट लावली तर शब्द न् शब्द कळला, पण बाई परकी. एस.टी. स्टँडवर गाडी लागल्याचं सांगावं तशी. मग कॅसेट खिशात घालून साताऱ्याला मित्राकडं गेलो. त्याच्याकडं इंग्लंडचा. लय गोड यंत्र, सगळ्यालाच साय लावतं. त्यात बायको इतकी मवाळ झाली की माझं डोकंच फिरलं. अहो, ही जन्मात अशी बोलली नाही! परतताना मलकापूरला उतरून एका डॉक्टरांचा अमेरिकन ऐकला. छाती दणाणली, पण ती जणू प्रचारसभेत उभी. मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडलो. च्यायला, एवढ्या महागड्या यंत्रांना एक 'आवं' जमू नये? ती खर माझ्याही डोक्यातून पुसत चालली होती. ती आठवणच गेली तर मी कशाशी ताडून बघणार होतो?

शेवटी साताऱ्याचा मित्र कुणाचातरी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर मागून माधवनगरला घरी घेऊन आला. काचेचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत मला दम निघेना. कॅसेट लावली.

"आवं..."

अंगावर सरसरून काटा आला. खर होती!

"गड्या, हीच रं वहिनी!" मित्र ओरडला.

मी आवाज वाढवला. परत लावली. परत मागं घेतली, आणखी वाढवला. खिडकीची तावदानं थरथरत होती, मी वेड्यासारखा हसत होतो. मित्र पाणी प्यायला आत गेला आणि तिथनं त्यानं बोंब ठोकली.

ती ओट्याखाली बसली होती. ओठ काळेनिळे, मांडीवर ताट, हातात उलथनं. नळीत कफ अडकलेला. हात हलत होता, पण उलथनं आता नुसतं ताटाला टेकत होतं. किती वेळ वाजवत होती, देव जाणे. मी नळीला हात घातला, पण ती धड निघेना. निघाली एकदाची. श्वास आत गेला तसं तिचं सगळं अंग हललं. मी तिच्यासमोर फरशीवरच बसलो.

तिनं माझ्याकडं बघितलं. उलथनं उचललं आणि ताटावर दोनदा हाणलं. चिडून, जोरात.

बाहेर कॅसेट अजून चालूच होती. मी उठलो आणि तो ठोकळा बंद केला.