प्लायवूडची खिडकी

आईशप्पथ, हे सगळं खरंय. म्हणजे, बरंचसं खरंय. रांगेतली माणसं थोडी वाढवून सांगीन, पण गाढवपणा आहे तेवढाच सांगतो. त्यात वाढवायला जागाच नाय.

मी कॉलेजात कंत्राटी मास्तर. इतका कंत्राटी, की दारावर माझं नाव खडूनं लिहिलंय. मे महिन्यात प्राचार्य मॅडमनी बोलावलं. "बारावी होऊन कन्नड-सिल्लोडकडून पोरं येतात, पहिले दोन महिने नुसती बावरलेली असतात. कॉलेज सुरू व्हायच्या आधी दहा दिवसांचा तयारी वर्ग आखा. काहीतरी वेगळं करा."

"वेगळं करा" असं मला सांगायचं नसतं. पण मॅडम नवीन होत्या.

बाकीचे लोक इंग्रजी शिकवतात, कॉम्प्युटर शिकवतात. मी म्हटलं, पोरं खरी घाबरतात कशाला? ऑफिसच्या खिडकीला. मग सुताराकडून प्लायवूडची एक खिडकी करून घेतली. अर्धगोल भोक, तेही मुद्दाम खाली, वाकल्याशिवाय बोलताच येऊ नये. वर पाटी, 'चौकशी'. आणि ठेवली कुठं, तर मेन गेटसमोर. खरं ऑफिस पार मागं, स्कूटर स्टँडच्या पलीकडं.

खेळ सोपा होता. पोरांना चिठ्ठ्या वाटायच्या, चिठ्ठीत एक काम, लागलं तर एकानं बाप बनायचं. खिडकीत क्लार्क म्हणून मी. मी अडवणार. पोरांनी चिडायचं नाय, रडायचं नाय, शांतपणे म्हणायचं, "हे कुठल्या नियमात आहे ते लिहून द्या." म्हटलं की पास. चिठ्ठ्या खऱ्या वाटाव्यात म्हणून एक तर मी नोटीस बोर्डावरूनच उतरवून घेतली होती. 'हॉस्टेलचा अर्ज, आज पाचपर्यंत शेवटची मुदत.'

वर्गात चोवीस पोरं. पहिलाच दिवस, एकाचाही चेहरा मला माहीत नाय.

तीन वाजता एक पोरगी भोकासमोर वाकली. मागं पांढऱ्या सदऱ्यातला, मोठ्या मिशीचा माणूस.

"सर, मी वैशाली. हॉस्टेलचा फॉर्म द्यायचाय. आज शेवटचा दिवस हाय."

माझीच चिठ्ठी. "हे कोण?"

"वडील."

मी भोकातून मान बाहेर काढून नीट बघितलं. "मिशी जरा जास्त झालीय."

"आमच्यात एवढीच ठेवतात, साहेब," तो माणूस म्हणाला.

काय टायमिंग, सांगतो तुम्हाला. मला वाटलं, या पोराला गॅदरिंगच्या नाटकात घेतलाच पाहिजे.

"फोटो निळ्या बॅकग्राउंडचा पायजे," मी म्हटलं. "हा पांढराय."

गेले. अर्ध्या तासानं निळा फोटो घेऊन आले.

"आता तीन झेरॉक्स. आडव्या."

"आडव्या म्हंजे?"

"उभ्या चालत नाहीत."

पुन्हा गेले, पुन्हा आले. मग मी सही काळ्या पेनानं करायला लावली. तेव्हा मिशीवाला वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, कन्नडहून पहाटं निघालोय. हॉस्टेल मिळालं तरच पोरगी शिकंल. रोजच्या येश्टीनं मी काय हिला धाडणार नाय. अडवू नका."

माझ्या अंगावर काटा आला. समोरच्या कागदावर लिहिलं, अभिनय, दहापैकी दहा. आणि तोंडानं काय म्हणालो असेन?

"पोलीस पाटलाची सही आणा."

"कन्नडला जाऊन?"

"मग काय, पाटील इथं येणारेत व्हय?"

तिकडं रांग वाढत होती. आपल्याकडं रांग दिसली की माणूस आधी उभा राहतो, मग विचारतो कशाची आहे. चोवीसची चाळीस झाली. कुणाच्या हातात टीसी, एकाच्या हातात लाइटबिल. मला वाटलं, आपला वर्ग गाजायला लागला. सगळ्यांना लई मन लावून परत पाठवलं.

पावणेपाचला भोकात सलीमभाईंचं तोंड आलं. सलीमभाई म्हणजे ऑफिसचे खरे क्लार्क.

"भाई, यहाँ क्या बँट रहा है? मेरी खिडकी पे दोपहर से कोई नहीं आया. मैं भी लाइन में लग गया."

"तयारी वर्ग चालूय, सलीमभाई. ही पोरगी बघा, रडायला आलीय पण रडत नाय. एक नंबर काम करते."

सलीमभाईंनी बाजूलाच थांबलेल्या वैशालीच्या हातातला फॉर्म घेतला. उलटा केला, सुलटा केला.

"मियाँ, ये तो असली फॉर्म है. बच्ची भी असली है. अब्बा भी असली."

"आणि मिशी?"

वैशाली पुन्हा भोकासमोर वाकली आणि म्हणाली, "सर, पोलीस पाटलाची सही कुठल्या नियमात आहे, तेवढं लिहून द्या."

माझ्या वर्गाला न बसता.

मग मी फॉर्म घेऊन पुढं, मागं बापलेक, त्यांच्या मागं सलीमभाई चाव्या शोधत, अशी आमची वरात स्कूटर स्टँडमधून निघाली. पाचला चार मिनिटं कमी. सलीमभाईंनी एकच झेरॉक्स ठेवून घेतली, पेन कुठलं ते बघितलंसुद्धा नाय. शिक्का, पोचपावती, वर पोरीला प्यायला पाणी. दोन मिनिटांत काम खलास. अख्ख्या कॉलेजात माणसं छळणारी खिडकी एकच निघाली, आणि ती मी स्वतः उभी केलेली.

जाताना वैशालीनं विचारलं, "सर, तक्रारपेटी कुठंय?" मीच दाखवली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पेटी उघडली. भरलेली. सगळ्या तक्रारी पुढच्या खिडकीतल्या माणसाविरुद्ध. मला बोलावून म्हणाल्या, "या माणसाला नोटीस काढा." आता नोटीस टाईप करायचं काम कंत्राटी माणसाकडं. मी केली. मीच घेतली. तीन दिवसांनी मॅडमना कळवलं, सदर कर्मचारी शोधूनही सापडत नाही.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हरकत नाही. सापडेपर्यंत त्याचा पगार थांबवा."

तेही पत्र मीच टाईप केलं.

तर हे चहाचे पैसे तुम्ही देताय ना? आणि ती एक खारी घेतली, तिचे पण.