गाव क्रमांक नऊ

रविवार, १६ नोव्हेंबर. सकाळचे दहा. स्थळ: अमरावती, माझ्या घरातलं जेवणाचं टेबल. हजर: मी. गैरहजर: मुलगी, मुक्काम अकोला.

महसूल खात्यात वर्षानुवर्षं पंचनामे लिहिले की कुठलीही गोष्ट अशीच सुरू करायची सवय लागते. आधी तारीख, मग कोण हजर, मग काय गेलं.

आम्हा दोघींचा एक खेळ आहे, संगणकावरचा. एक बेट, त्यावर बारा गावं. एकीने आपत्ती सोडायच्या: पूर, गारपीट, वीज, चक्रीवादळ. दुसरीने गावं वाचवायची. दोघींची एकेक पाळी झाली की बेटावरचं एक वर्ष सरतं. तीस वर्षांनी एक जरी गाव उभं असलं, तरी वाचवणारी जिंकली. पाळीला वेळेचं बंधन नाही. समोरची खेळत नाही तोवर खेळ तसाच थांबून राहतो.

मुलीला अकोल्याला बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, तेव्हा तिचे बाबा जाऊन वर्ष झालं होतं. निघायच्या आदल्या दिवशी तिने हा खेळ माझ्या लॅपटॉपवर टाकून दिला. "दर रविवारी दहा वाजता," ती म्हणाली. "आपत्ती माझ्याकडे, गावं तुझ्याकडे. तू तं आहेच सरकारी."

मी वही केली. गावांना क्रमांक दिले, रकाने आखले: घरं, विहिरी, गुरं. खेळताना फोन स्पीकरवर असायचा.

"आई, झालं का वं?"

"थांब. क्रमांक चारच्या विहिरी मोजून राहिली."

"गेममधीबी पंचनामा? मदत कोणाले वाटणार आहे तू?"

"नुकसान मोजल्याशिवाय पुढं जाता येत नाही."

"म्हणूनच तं बुडून राहिली तुझी गावं."

तिचं खरं होतं. खेळात पाहणीला माणसं लागतात, आणि पाहणीला गेलेली माणसं त्या वर्षी बांध घालत नाहीत. दुसऱ्या कोणी मोजणी सोडून बांध घातला असता. मला ते जमलं नाही. एकेक करत अकरा गावं गेली. प्रत्येकाची नोंद मात्र चोख आहे.

पण पाहणी लांबली की फोनही लांबायचा. मधल्या वेळात ती काय जेवली, घरमालकीण कशी वागते, खोकला गेला का, सगळं आपोआप कळायचं. बुधवारी फोन करून हेच विचारलं तर "ठीक आहे" एवढंच उत्तर यायचं. म्हणून खरं सांगायचं तर काही विहिरी मी दोनदा मोजल्या.

शेवटी टेकडीवरचं क्रमांक नऊ तेवढं उरलं. बाविसाव्या वर्षापासून त्याच्यावर फक्त किरकोळ पाऊस आणि एकदा वीज. वहीत मी लिहिलं: टेकडीची उंची उपयोगी ठरली.

गेल्या शनिवारी एसटीने अकोल्याला गेले. ऑफिसमधल्या बाईंची शेंदूरजनाघाटला बाग आहे, त्यांनी दिलेली संत्री सोबत होती. मुलगी संत्रं सोलत बसली. तिचा लॅपटॉप उघडाच होता. तिच्या पडद्यावर खाली एक पट्टी दिसते, जी माझ्याकडे दिसत नाही. न वापरलेल्या आपत्तींचा साठा. त्यात सात चक्रीवादळं होती. क्रमांक नऊला एक पुरलं असतं.

"हे कधीपासून आहेत?"

"सात वर्षांपासून. बेटावरच्या."

"मग टाकलं काहून नाही?"

ती फोडीवरचे पांढरे दोरे काढत राहिली. "टाकलं असतं तं खेळ संपला असता, आई."

तिने फोड माझ्या हातात दिली. मी खाल्ली. मग तिने सांगितलं की डिसेंबरपासून तिची बदली हैदराबादला आहे. तिथे रविवारीही काम असू शकतं.

"तिथून खेळता येते का?"

"पाहू."

"पाहू"चा अर्थ मला कळतो. ऑफिसात टेबलाच्या अलीकडून मी लोकांना तेच सांगत आले आहे.

मी निघायच्या आधी तिने तिसाव्या वर्षाची आपली पाळी खेळून टाकली. हलका पाऊस.

"आता तुझी पाळी. काहीबी कर, जिंकतेच तू."

"आणि मग?"

"मग काय. जिंकली म्हणून पेढे वाट."

आज दहाला फोन आला नाही. दहा वीसला मेसेज आला: सामान बांधून राहिली, तू खेळून घे.

मी खेळ उघडला. क्रमांक नऊवर पाऊस पडून गेला होता. पाहणी केली. घरं चाळीस, सगळी उभी. विहिरी भरलेल्या. गुरं गोठ्यात. नुकसान: निरंक. खाली दोन पंचांच्या सह्या लागतात, ती जागा कोरी ठेवली.

मग आजची यादी घेतली. गॅस नोंदवणे, झालं. निळ्या साडीला फॉल, झालं. मुलीसाठी मेतकूट दळून आणणे, झालं. मोठी सूटकेस माळ्यावरून काढून पुसणे, झालं, तिला लागेल.

बाराच्या आत एवढं आटोपलं. लॅपटॉप अजून चालूच आहे, आणि पडद्याच्या कोपऱ्यात "वर्ष पूर्ण करा" हे बटण. यादीत पाचव्या क्रमांकावर तेच लिहिलेलं आहे. त्याच्यापुढे खूण नाही.