ततियम्पिनंतरचा श्वास

दर पौर्णिमेला सकाळी माझ्या मैत्रिणी पांढऱ्या साड्या नेसून आमच्या घरी बुद्धवंदनेला येतात. सुरुवातीला त्यांना वंदना पाठ नव्हती, म्हणून मी आधी म्हणायचे आणि त्या मागून. ‘बुद्धं सरणं गच्छामि’ तीनदा म्हणताना तिसऱ्या वेळचं ‘ततियम्पि’ आलं की मी जरा थांबते. लताने एकदा विचारलंही होतं, “इथं का गं थांबायचं? विहारात कुणी थांबत नाही.”

“आमच्याकडे असंच म्हणतात,” मी ठोकून दिलं होतं.

आज माझा घसा बसला होता, म्हणून वंदना लताने घेतली. मी नुसती हात जोडून ऐकत होते. ततियम्पि आलं आणि सगळ्याजणी एकदम थांबल्या. मेणबत्तीची हलणारी ज्योत सरळ उभी राहिली, आणि मला माझे बाबा आठवले.

बाबांना दमा होता. तिसऱ्या खेपेला त्यांचा श्वास पुरायचा नाही. ते थांबायचे, छाती भरून घ्यायचे, मग पुढचं म्हणायचे. त्यांच्या मांडीवर मी वंदना शिकले ती त्या थांबण्यासकट. आणि आज, ज्यांनी बाबांना कधी पाहिलंसुद्धा नाही, त्या बायका त्यांच्या श्वासाने श्वास घेत होत्या! मी यांना शिकवते, असं मला इतके दिवस वाटत होतं. मी तर मधली एक वाट होते फक्त.

खीर वाढताना लता म्हणाली, “ते थांबणं आता काढून टाकू या का? उगाच चुकल्यासारखं वाटतं.”

“राहू दे गं,” मी बसक्या आवाजात म्हटलं. “तिथं बाबा दम खातात.”