आईसाठी उतरवलेली गाडी

गाडी खाली बसवून, म्हणजे तिची उंची कमी करून घ्यायची म्हणून मी स्प्रिंगच्या दुकानात गेले, तेव्हा मिस्त्रीनं पहिला प्रश्न केला, “ताई, पोरगा कावून नाही आला?” त्याचा तरी काय दोष! अमरावतीत गाड्या जमिनीला टेकवून फिरवतात ती कॉलेजातली पोरं. पन्नाशीची बाई तिथं कशाला जाईल? “माझ्या आईसाठी करायचंय,” म्हटल्यावर तो माझ्याकडे पाहतच राहिला.

आई अकोल्याला भावाकडे असते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, घरात काठी घेऊन चालायला लागली, पण माझी गाडी पडली उंच. पाय उचलून आत ठेवणं तिला जमेना. शेवटी एकदा भावानं काखेत हात घालून तिला उचललं आणि बसवलं. समोर शेजारच्या बाया उभ्या होत्या. त्यानंतर कुठं जायचं म्हटलं की आईचं, “मले नाही याचं कुठी,” एवढंच. बाजार बंद, मावशीकडे जाणं बंद. डॉक्टर सांगत होते बाहेर पडा, आणि ही दिवसभर खिडकीतून रस्ता पाहायची. मला तिचा राग यायचा, भावाचाही यायचा, आणि त्या गाडीचा तर सगळ्यात जास्त.

म्हणून हे आखूड स्प्रिंग. नवऱ्यानं मनसोक्त चिडवून घेतलं, “आता काळा चष्मा लाव आणि मोठ्यानं गाणी वाजवत फिर.” गाडी चांगली अडीच बोटं उतरली. मिस्त्री म्हणाला, थोडे दिवस चालवा, स्प्रिंग बसू द्या, मग चाकं जुळवून अलाइनमेंट करून घ्या.

ती मी अकोल्याला निघायच्या सकाळी केली. माहेरी रिकाम्या डिक्कीनं जायची आमच्याकडे पद्धत नाही. सासरच्या मोर्शीच्या बगीच्यातली संत्री, तुरीच्या डाळीचा कट्टा, म्हणजे चांगलं भरलेलं पोतं, सगळं आदल्या संध्याकाळीच कोंबून ठेवलं होतं, तेही एकाच अंगाला. मिस्त्रीनं डिक्की उघडली नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. मशीनवर सगळे आकडे हिरवे आले. अकोल्यापर्यंत गाडी सुतासारखी सरळ गेली. मी स्वतःवरच खूश.

दुसऱ्या दिवशी आईला कसंबसं राजी केलं. ती ठेवणीतली साडी नेसून दारात खुर्ची टाकून बसली. म्हटलं, आधी एकटीच एक चक्कर मारून पाहते. गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागले तोच गाडी डावीकडे ओढायला लागली. स्टिअरिंग दाबून धरावं लागत होतं. आज नको म्हटलं असतं, तर आईनं साडी बदलली असती आणि पुन्हा कधी नेसली नसती. तिला फोन केला, “हवा भरून येते गं, आलेच.” चक्क थाप मारली.

मोठ्या रस्त्यावरच्या अलाइनमेंटच्या दुकानात मिस्त्रीनं गाडी मशीनवर घेतली, आकडे पाहिले आणि विचारलं, “मापं घेतली तवा डिक्कीत काही होतं काय ताई?” मी सांगितलं. तो हसत सुटला. “म्हंजे कट्ट्यासकट चाकं जुळवली तुमी! आता कट्टा घरी अन् गाडी वाकडी.” मलाही हसू आलं, पण ते रडण्याच्या फार जवळचं होतं. रिकाम्या गाडीची चाकं त्यानं नव्यानं जुळवून दिली. बाहेर मोकळ्या रस्त्यावर मी स्टिअरिंग क्षणभर सैल सोडलं. गाडी आपली सरळ चालली. गाडीत एकटीच होते, तरी मोठ्यानं “हुश्श” म्हणाले.

परतले तर आई तिथंच बसलेली. भाऊ पुढं झाला. “हात नको लावू,” ती म्हणाली. काठी माझ्याकडे दिली, पाठ वळवली आणि सीटवर अलगद टेकली. मग एक पाय आत घेतला, थांबली, दुसरा घेतला. दारही तिनंच ओढलं. कित्येक महिन्यांचं छातीवरचं ओझं उतरलं, एवढं खरं.

आईनं पदर सारखा केला, काच खाली घेतली आणि वहिनीला सांगितलं, “आमची वाट नको पाहू वं, तुमी जेवून घेजा. आमाले उशीर होईन.”