दुसरा केसपेपर

मी डॉक्टर आहे, आणि आमच्या घरात भुताखेतांना कधी जागा नव्हती, हे आधीच सांगून टाकते. आम्ही बौद्ध. अंगात येणं, उतारा टाकणं, अंगारा लावणं हे सगळं आमच्या आजोबांनीच बंद केलं होतं. कुणी म्हटलं की त्या चिंचेखाली जाऊ नका, तर पप्पा मुद्दाम आम्हा भावंडांना तिथे नेऊन डबा खायला बसवायचे. त्यामुळे या सदरात येणारे अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले... वाचताना मनात प्रत्येकाचं काहीतरी मेडिकल कारण शोधत. आज स्वतःचा लिहितेय. माणसांची नावं बदलली आहेत, आरोग्य केंद्राचं नाव देत नाही. बाकी जसं घडलं तसं.

माझं गाव मुळशी तालुक्यात, कोळवणच्या खोऱ्यात. पप्पा पुण्याच्या एका कुटुंबाच्या फार्महाऊसवर माळीकाम करतात. मम्मी भाताच्या लावणीला, काढणीला दुसऱ्यांच्या शेतावर जाते. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. डॉक्टर व्हायचं डोक्यात आलं ते आठ-नऊ वर्षांची असताना. मम्मीचं तेव्हा महिनोन्महिने पोट दुखायचं. आम्ही दवाखान्यात जायचो. तिथल्या डॉक्टरीणबाई मान वर न करता विचारायच्या, "काय होतंय?" मम्मी आपली पहिल्यापासून सांगायला लागायची — लावणी चालू व्हती, मी वाकले व्हते — तेवढ्यात गोळ्यांची चिठ्ठी तिच्या हातात पडलेली असायची. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणायची, "आयकूनच न्हाई घेतलं." मला वाटायचं, ऐकून घेणारी एक तरी डॉक्टर असावी.

बारावीनंतर मेडिकलची नीट परीक्षा तीनदा दिली. तिसऱ्यांदा नंबर लागला तो लांब, मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजात. मी मराठी मीडियमची, अ‍ॅनाटॉमीचं एक पान वाचायला मला तास लागायचा. डिक्शनरी मांडीवर आणि डोळ्यांत पाणी, असं पहिलं वर्ष गेलं. एकदा व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, हाडावर बोट ठेवून मी "हितं" म्हणाले. अख्खी बॅच हसली, सरही हसले. त्या दिवसापासून मी बोलणं बदललं... अगदी ठरवून. 'हाय'चं 'आहे' केलं, 'न्हाई'चं 'नाही'. शेवटच्या वर्षापर्यंत मी इतकी तयार झाले की नवीन ज्युनिअर मला विचारायच्या, मॅडम तुम्ही कोथरूडच्या का? मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा.

एमबीबीएस झाल्यावर सरकारी सेवेच्या बॉण्डचं एक वर्ष मी मागून आपल्याच तालुक्यात घेतलं, ताम्हिणीच्या बाजूच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात. गोष्ट घडली ती तिथे, भाद्रपदात.

त्या दिवशी मोठे डॉक्टर पौडला मीटिंगला गेले होते. केंद्रात मी आणि सिस्टर, दोघीच. ओपीडी नऊला सुरू होते. केसपेपर काढणारे काका एसटीने येतात, ते यायचे होते. मी साडेआठलाच येऊन मागे राहिलेले ऑनलाइन रिपोर्ट भरत बसले होते, नेट चालू असेपर्यंत उरकावेत म्हणून.

"दोन कागद पायजेत."

टेबलापलीकडे एक आजी उभ्या होत्या. नऊवारी, डोक्यावरून पदर. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरलेली. मी एकदा बघितलं आणि परत स्क्रीनकडे वळले.

"पेशंट कुठे आहेत?"

"घरी हायेत. सून हाय आन् नात हाय."

काका नव्हते म्हणून मीच रजिस्टर आणि दोन केसपेपर ओढले. एक नंबरवर सुरेखा, वय अठ्ठावीस, वरची वाडी. दोन नंबरवर नात. नाव विचारलं तर म्हणाल्या, "मनी. पाच वर्साची हाय."

"काय होतंय?"

"सुनंच्या पोटात दुखतंया. आन् मनीच्या पापन्या उचलंनात, बाय. मी लई हाका मारल्या."

"त्यांना घेऊन या आधी. पेशंट समोर असल्याशिवाय मी काही करू शकत नाही."

"मला उचलवत न्हाई तिला."

"मग घरातल्या कुणाला तरी सांगा, आजी. मी इथेच आहे. तोवर बाहेर बाकावर बसा."

त्या आणखी काहीतरी बोलत होत्या. मी ऐकलं नाही. स्क्रीनवर फॉर्म अडकला होता, आणि मी तो फॉर्म बघत होते. हे लिहायला मला सोपं जात नाहीये, पण हे असंच होतं. नंतर मान वर केली तेव्हा समोर कुणी नव्हतं. बाकावरही नव्हतं. मला वाटलं, गेल्या आणायला.

नऊला काका आले. त्यांनी तीन नंबरपासून पुढे रजिस्टर चालू केलं. ते दोन्ही केसपेपर माझ्याच टेबलावर राहिले.

पावणेदहाच्या सुमाराला एक जीप आवारात शिरली. एक माणूस बायकोला दोन्ही हातांवर घेऊन उतरला. त्याचं नाव संदीप. बाई घामाघूम, तोंडाला फेसासारखी लाळ. तो म्हणाला, "सकाळधरनं पोट दुखतंय म्हनतीय. आमाला वाटलं पित्त हाय, सोडा दिला. आता बोलाया पन येईना तिला."

मी तिचं नाव विचारलं. सुरेखा. वरची वाडी.

"हिचा केसपेपर निघालाय आधीच," मी सिस्टरना म्हटलं आणि वरचा कागद उचलला. खाली दुसरा होता. तो मला दिसला. मनात येऊन गेलं की हिची मुलगी पण आजारी आहे, ती मागून येत असेल. एवढंच. कारण तेवढ्यात मी सुरेखाला डोळे उघडायला सांगितलं होतं आणि तिच्या पापण्या अर्ध्यावरच थांबल्या होत्या.

अंगावर कुठेच चावल्याची खूण नव्हती. पण आमच्या खोऱ्यात वाढलेल्या माणसाला हे ठाऊक असतं — रात्री जमिनीवर झोपलेलं माणूस सकाळी पोटदुखीने उठतं, पापण्या पडतात, खूण सापडत नाही... मण्यार. झोपेत चावते आणि कळतही नाही. मी सर्पदंशाच्या इंजेक्शनच्या दहा बाटल्या काढायला सांगितल्या, पुण्याला न्यायला अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. सलाईन चालू झालं तोवर तिचा श्वास उथळ व्हायला लागला. मग मास्क आणि श्वास द्यायचा फुगा. मी दाबायचे, हात भरून आले की सिस्टर दाबायच्या. संदीप दारात उभा होता. पाऊण तास कसा गेला मला माहीत नाही.

काका आत आले ते त्या कागदासकट. "मॅडम, दोन नंबरचा पेशंट कुठंय? मनी, वय पाच वर्षं... तुमच्या अक्षरात आहे."

मी फुगा दाबतच संदीपला विचारलं, "तुमची मुलगी कुठे आहे?"

"घरी. झोपलीय. शेजारनीला सांगून आलोय, उठली की चपाती दे म्हनून."

"रात्री कुठे झोपली होती?"

"तिच्या आईपाशी," तो म्हणाला. "खालीच. एकाच वाकळेवर..." आणि मग तो थांबला. त्याला कळलं. मी काही सांगायची गरजच पडली नाही.

वाडीत फोन लागत नव्हता. तो त्याच जीपने परत गेला. मधल्या वेळात अ‍ॅम्ब्युलन्स आली, सुरेखाला घेऊन सिस्टर पुण्याकडे निघाल्या. मी उरलेल्या बाटल्या काढून ठेवल्या, लहान मुलांचा मास्क काढला, दारात उभी राहिले. पाऊस पडत होता आणि ओपीडीत आठ-दहा माणसं बसून होती.

साडेअकराला जीप आली. त्याने तिला गोधडीत गुंडाळून आणलं होतं. मी अर्धा तास प्रयत्न केले. ते करायचे म्हणून केले. ती गेलेली होती. पण अंग अजून कोमट होतं... म्हणजे फार वेळ झालेला नव्हता. साडेआठला ती नक्की जिवंत असणार. याचा अर्थ माझ्याएवढा त्या खोलीत कुणालाच कळत नव्हता.

संदीप भिंतीला टेकून खाली बसला होता. तिथूनच त्याने विचारलं, "तुमाला कसं कळलं, मॅडम? तिला बी चावलंय म्हनून?"

"तुमच्या आई सकाळी येऊन सांगून गेल्या ना. दोघींचे केसपेपर त्यांनीच काढले."

त्याने माझ्याकडे बघितलं. "माझी आई?"

"हो. सून आणि नात म्हणाल्या."

"आईला जाऊन तीन वर्सं झाली."

मी कागद त्याच्यापुढे धरला. का धरला माहीत नाही, कदाचित मलाच आधार हवा होता. त्याने नाव वाचलं. मग म्हणाला, "हिचं नाव अन्वी हाय. शाळेत, आधारकार्डावर, समद्यांत अन्वी. मनी आई म्हनायची. आई गेल्यापास्नं कोनीच म्हनत न्हाई."

हे सगळं मी मोठ्या डॉक्टरांना असंच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, वाडीतली कुणीतरी म्हातारी असणार. शेजारीण असेल, चुलती असेल, सून-नात असं आपल्याकडे कुणीही म्हणतं. मलाही तेच हवं होतं. आमच्या आशाताईंनी वाडीत घरोघर विचारलं. त्या सकाळी केंद्रात कुणी आलेलं नव्हतं. वाडीतून पहिली एसटी निघते तीच साडेनऊला, आणि चालत यायचं तर दोन तास. सुरेखाचं पोट दुखायला लागलं सहानंतर आणि ते नवऱ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. शेजारणीला सांगितलं ते जीप आल्यावर. बरं, सुरेखाचं कुणीतरी ऐकलं असेल असं धरलं तरी पोरीचं काय? ती झोपली आहे असं तिचा बाप समजत होता. तिच्या पापण्या उचलत नाहीत हे साडेआठ वाजता जगात कुणाला माहीत होतं?

सिस्टर त्या वेळी आत लसींचा फ्रीज तपासत होत्या. त्या म्हणतात, तुमचा आवाज ऐकला मॅडम, फक्त तुमचा. मला वाटलं तुम्ही फोनवर बोलताय.

संदीपने नंतर आईचा फोटो दाखवला. तीच बाई, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी त्यांच्याकडे नीट बघितलंच नव्हतं.

मी चार दिवस रजा घेऊन घरी गेले. पप्पांना सांगितलं, मला हे काम जमणार नाही, मी सोडते. बॉण्डचं काय व्हायचं ते होऊ दे. पप्पा अंगणात विळ्याला धार लावत बसले होते. घडलेलं सगळं मी त्यांना सांगितलं होतं, म्हातारीसकट. ते धार लावतच राहिले. धार लावून झाली तेव्हा विचारलं, "तू न्हाई गेलीस तर तितं कोन बसंल मग?"

"येईल दुसरं कुणीतरी."

"ते आयकंल का?"

मी म्हटलं, मी तरी कुठे ऐकलं, पप्पा.

ते उठून आत गेले. पाचव्या दिवशी मी कामावर हजर झाले. धीर आला म्हणून नाही. घरी बसवेना म्हणून.

तेव्हापासून माझ्यात एवढा बदल झालाय की सर्पदंशाचा पेशंट आला की इंजेक्शनच्या आधी मी विचारते, त्या खोलीत अजून कोण झोपलं होतं? आणि कुणी पेशंटशिवाय नुसतं सांगायला आलं तर स्क्रीन बंद करते. पण याला काही मी शहाणपण म्हणत नाही. हे पाच वर्षांच्या पोरीच्या जिवावर शिकलेलं आहे.

सुरेखा वाचली. पुण्यात आठ दिवस व्हेंटिलेटरवर होती. दीड महिन्याने ती केंद्रात आली, दुपारी, ओपीडी संपल्यावर, एकटीच. अंगावर मांस उरलं नव्हतं. मी तपासलं, ताकदीच्या गोळ्या दिल्या. ती उठेना. मला वाटलं रडेल, नाहीतर मला बोल लावेल. मी दोन्हीची तयारी ठेवली होती.

"समदं सांगितलं ह्यांनी मला," ती म्हणाली. "आत्याबाई आल्या व्हत्या ते."

आत्याबाई म्हणजे तिची सासू.

"माझ्यावर त्यांचा राग नव्हता कवाच. चांगलं व्हतं आमचं. मीच केलं त्यांचं शेवटाला." ती बोटांनी टेबलाची कड चाचपत होती. "मंग मॅडम, तुमच्याकडं कशापाई आल्या त्या? येवढ्या लांब? मी तितंच व्हते की, पोरीच्या शेजारी. माझा हात व्हता तिच्या अंगावर. मला का न्हाई उठवलं त्यांनी?"

ती खरोखर उत्तरासाठी माझ्याकडे बघत होती. डॉक्टरकडे बघतात तसं. बाहेर वाडीच्या एसटीचा हॉर्न झाला तेव्हा ती पिशवी उचलून निघून गेली. तिला काय सांगायला हवं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.